एकांताचा हिशेब मागणाऱ्यांना

1880 साली लंडनच्या ‘कॉर्नहिल’ मासिकात रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरोवर लेख लिहिला आणि त्याला सरळ पळपुटा ठरवले. थोरोला जाऊन तेव्हा अठरा वर्षे झाली होती, उत्तर द्यायला तो नव्हता. त्याचे चरित्र लिहिणाऱ्या अलेक्झांडर जॅप यांनी काही गोष्टी स्टीव्हन्सनच्या नजरेस आणून दिल्या. दोन वर्षांनी तोच लेख पुस्तकात घेताना त्याने प्रस्तावनेत आपला सूर बराच खाली आणला. ती दुरुस्ती फारशी कोणी वाचली नाही. शिवी मात्र राहिली, आणि आजही एकांतात जाणाऱ्या प्रत्येकाला ती ऐकून घ्यावी लागते.

आपल्याकडेही ती ऐकू येते. एखादा माणूस चाळिशीत नोकरी सोडून गावाबाहेर एकटा राहायला जातो, एखादी बाई लग्न न करता डोंगराच्या पायथ्याशी घर बांधते, आणि बोलणे सुरू होते. जबाबदारी झटकली. समाजाचे खाल्ले आणि समाजालाच पाठ दाखवली. चार माणसांत राहून काही करून दाखवायची धमक नव्हती. हे बोलणारी माणसे वाईट नसतात. शेजाऱ्याच्या आजारपणात रात्री-अपरात्री धावणारी हीच असतात, शाळेच्या खोलीसाठी वर्गणी गोळा करणारीही हीच. त्यामुळे त्यांचे म्हणणे कानाआड करून चालणार नाही, त्याला उत्तर द्यायला हवे. माझे उत्तर असे की हा आरोप वस्तुस्थितीला धरून नाही. शिवाय त्याच्या मुळाशी एक गृहीत आहे: प्रत्येकाने आपल्या जगण्याचा हिशेब समाजापुढे ठेवलाच पाहिजे. ते गृहीत आपल्या सगळ्यांनाच घातक आहे.

ज्याला उद्देशून ही शिवी रूढ झाली त्याचीच कागदपत्रे आधी तपासू. मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्ड गावापासून दीडेक मैलावर वॉल्डन हे तळे आहे. 4 जुलै 1845 रोजी थोरो तिथे स्वतः बांधलेल्या एका खोलीच्या घरात राहायला गेला आणि 6 सप्टेंबर 1847 रोजी तिथून निघाला. घराला साडेअठ्ठावीस डॉलरहूनही कमी खर्च आला. पै-पैचा तो हिशेब त्याने ‘वॉल्डन’ या पुस्तकात छापला आहे. जमीन त्याचा मित्र इमर्सन याची होती. या दोन वर्षांत पळपुट्या माणसाने काय केले? 1846 च्या जुलैमध्ये तो दुरुस्तीला टाकलेला जोडा आणायला गावात गेला आणि तिथेच पकडला गेला. त्याने काही वर्षे डोईपट्टी भरली नव्हती. गुलामगिरी पोसणाऱ्या आणि त्याच वर्षी मेक्सिकोवर युद्ध लादणाऱ्या सरकारला आपला पैसा द्यायचा नाही, हे त्याचे कारण. एक रात्र तो तुरुंगात राहिला. दुसऱ्या कोणीतरी कर भरला म्हणून त्याला सोडावे लागले, आणि ते त्याला आवडले नाही. लगेच पुढच्याच महिन्यात, 1 ऑगस्टला, काँकर्डच्या गुलामगिरीविरोधी महिला संघटनेने वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या मुक्तीचा वार्षिक मेळावा भरवला, तो तळ्याकाठच्या याच घरापाशी. थोरोची आई आणि बहिणी त्या संघटनेत होत्या.

त्या एका रात्रीतून निघालेला निबंध 1849 मध्ये छापला गेला. 1907 साली दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी ‘इंडियन ओपिनियन’मधून त्यातले उतारे वाचकांपुढे ठेवले. पुढचा इतिहास मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. मला एवढेच विचारायचे आहे की काँकर्डमधल्या ज्या सज्जनांनी मुकाट्याने डोईपट्टी भरली, रविवारी प्रार्थनेला हजेरी लावली आणि आयुष्यभर चार माणसांत राहून दाखवले, त्यांच्यापैकी कितीजणांनी त्या सरकारला तोंडावर नाही म्हटले? थोडी माणसे होती. थोरोचा मित्र ब्रॉन्सन अल्कॉट त्याच्याही आधी, 1843 मध्ये, डोईपट्टी न भरल्यामुळेच पकडला गेला होता. बाकीचे गाव मूग गिळून होते. थोडे अंतर राखून राहणाऱ्याच्या गरजा कमी असतात, त्याला कोणाची मर्जी सांभाळायची नसते, आणि म्हणून नाही म्हणणे त्याला परवडते. एकांताने थोरोला हे बळ दिले. त्याला पळून जाणे म्हणणारा माणूस हजर राहण्याला धैर्य समजण्याची गल्लत करतो आहे.

‘वॉल्डन’मध्ये एक प्रकरण आहे, त्याच्याकडे या वादात कोणी फारसे पाहत नाही. थोरो तिथे तळ्याभोवतीच्या रानात पूर्वी राहून गेलेल्या माणसांविषयी लिहितो. केटो इंग्रॅहम, झिल्फा, ब्रिस्टर फ्रीमन ही त्यांतली नावे. ही एकेकाळची गुलाम माणसे. मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरी संपली, पण सुटका झालेल्यांना गावात जागा मिळाली नाही. मिळाली ती वॉल्डनच्या रानातली नापीक, कोणाला नको असलेली जमीन. झिल्फा तिथे एकटी राहून सूत कातायची. 1812 च्या युद्धाच्या काळात ती घरी नसताना इंग्रज युद्धकैद्यांनी तिचे खोपटे पेटवले. त्यात तिचे मांजर, कुत्रा आणि कोंबड्या जळून गेल्या. थोरो जाईपर्यंत त्या घरांचे केवळ पाये आणि बुजत चाललेली तळघरे उरली होती. गावाच्या आठवणीतून ही माणसे पुसली जात होती. ती नावानिशी लिहून ठेवली ती गावाबाहेर राहायला गेलेल्या माणसाने.

मला या वादातली सगळ्यात बोचणारी गोष्ट इथे दिसते. त्याच रानात समाजाने झिल्फाला ढकलले तेव्हा समाज तिचे काही देणे लागतो असे कोणाच्या मनातही आले नाही. थोरो आपल्या पायांनी तिथे गेला, तेव्हा मात्र त्याच्याकडे जाब मागितला गेला. आपली गोष्ट वेगळी आहे का? शतकानुशतके आपण माणसांना गावकुसाबाहेर ठेवले. जातपंचायतींनी कुटुंबेच्या कुटुंबे वाळीत टाकली, त्यांच्याशी बोलणाऱ्यांना दंड लावला. ते थांबवायला महाराष्ट्राला 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. म्हणजे माणसाला समाजाबाहेर काढण्याचा अधिकार समाज स्वतःकडे ठेवतो, आणि बाहेर पडण्याचा अधिकार माणसाला द्यायला तयार नसतो. दोन्हींत मालकी एकाचीच आहे. एकांतवासी माणूस ही मालकी नाकारतो. त्याच्यावरचा राग त्यासाठी आहे, असे मला वाटते.

दुसरा आरोप दांभिकतेचा. 2015 साली ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात कॅथरिन शुल्झ यांनी थोरोवर कडक लेख लिहिला. त्याच्या गुलामगिरीविरोधी कामाची दखल त्यांनी घेतली आहे, हे सांगायलाच हवे. पण माणूस आत्ममग्न, लोकांचा तिटकारा करणारा, आणि त्याचे रान म्हणजे गावाच्या हाकेवरचे ठिकाण, असा त्यांचा एकूण रोख होता. तो घरी जेवायला जात असे, त्याचे कपडे आई धूत असे, हे टोमणे तर त्याआधीपासून चालत आले आहेत. आता थोरोने आपण जगापासून तुटल्याचा दावा केला होता का? त्याच्या पुस्तकात येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि गावावर दुसरे. एक-दोन दिवसांआड आपण गावात चक्कर मारतो, हे त्याने स्वतः लिहिले आहे. घराजवळून आगगाडी जायची, तीही त्याने लपवली नाही. 1846-47 च्या हिवाळ्यात शंभर माणसे तळ्यावर बर्फ कापायला आली. न्यू इंग्लंडचा बर्फ तेव्हा जहाजांतून मुंबई-कलकत्त्यापर्यंत यायचा, आणि आपल्या तळ्याचे पाणी मुंबईकर पितील हा विचार गीता वाचणाऱ्या या माणसाला सुखावून गेला. असा माणूस जगाकडे पाठ करून बसला होता असे म्हणवत नाही. निर्जन रानातल्या ऋषीचे चित्र वाचकांनी आपल्या मनाने रंगवले आणि ते खोटे निघाले म्हणून शिक्षा लेखकाला दिली.

धुण्याचा प्रश्न मात्र मला हसण्यावारी न्यायचा नाही, कारण तो खरा प्रश्न आहे. तो फक्त चुकीच्या माणसाच्या दारात नेऊन ठेवला आहे. मराठी समाजात ज्यांनी सुधारणेची भाषणे केली, ग्रंथ लिहिले, संस्था उभ्या केल्या, त्या पुरुषांपैकी किती जण आपले धोतर आपण धूत होते? चार माणसांत राहणाऱ्या पुरुषाचे धुणे बाईने धुतले तर त्याला संसार म्हणायचे आणि एकट्या राहणाऱ्याचे धुतले तर दांभिकता, हा न्याय नव्हे. बाईच्या श्रमांचा हिशेब मागायचा असेल तर तो सगळ्या पुरुषांकडे मागा. मीही तुमच्या बाजूने उभा राहीन.

फुकट खाण्याच्या आरोपाला मात्र एक उदाहरण खरोखरच लागू पडते. अमेरिकेतल्या मेन राज्यात ख्रिस्तोफर नाइट हा तरुण 1986 साली जंगलात शिरला आणि 2013 मध्ये पकडला जाईपर्यंत, सत्तावीस वर्षे, तिथे तंबूत राहिला. जवळच्या सुट्टीतल्या बंगल्यांत तो हजारभर वेळा चोरी करून शिरला. अन्न, बॅटऱ्या, पुस्तके, गॅसच्या टाक्या उचलल्या. ज्यांच्या घरात तो वर्षानुवर्षे शिरत होता त्या कुटुंबांची झोप उडाली होती, आणि त्यांचा राग पूर्ण रास्त होता. त्याच्यावर खटला चालला, त्याने गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगली. तो खटला चोरीचा होता. एकटे राहिल्याबद्दल न्यायालयाने त्याला काही विचारले नाही आणि ते योग्यच झाले. लहान मुले किंवा अंथरुणाला खिळलेले आईबाप मागे टाकून जो निघून जातो, त्यालाही मी हेच माप लावीन. त्याने अवलंबून असलेल्या माणसांना सोडले, हा त्याचा दोष आहे. आईबापांना त्याच शहरात वृद्धाश्रमात ठेवून वर्ष-वर्ष तोंड न दाखवणाऱ्याचाही तोच दोष आहे, आणि त्याला कोणी पळपुटा म्हणत नाही.

आता आजाराची भाषा. 2018 मध्ये ब्रिटनने एकाकीपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमला, 2021 मध्ये जपानने. 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी त्यावर अहवाल काढला. हा प्रश्न गंभीर आहे. कोणी बोलायला नाही म्हणून खंगत जाणारी म्हातारी माणसे आपल्या आजूबाजूलाही आहेत आणि त्यांच्यासाठी करावे तेवढे थोडे आहे. पण या अहवालांचा दाखला देऊन एकांत निवडणाऱ्याला रोगी ठरवणे ही लबाडी आहे. उपाशी राहावे लागणे आणि उपास करणे यांतला फरक मराठी घरातल्या लहान मुलालाही कळतो. पहिल्याला जेवू घालायचे असते, दुसऱ्याच्या तोंडात घास कोंबायचा नसतो. निवड कोणाची होती आणि परतीची वाट उघडी आहे का, हे दोन प्रश्न विचारले की बहुतेक वेळा उलगडा होतो.

परतीची वाट म्हटले की आपल्याला तुकोबा आठवले पाहिजेत. दुष्काळात घरातली माणसे गेली, व्यापार बुडाला, आणि ते भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले. परंपरा सांगते की धाकटा भाऊ कान्होबा शोधत आला आणि दोघे खाली उतरले. उतरल्यावर तुकोबांनी काय केले, हे आपण किती वेळा नीट ऐकतो? वडिलोपार्जित सावकारीची कर्जखते काढून अर्धी त्यांनी भावाच्या हवाली केली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. दुष्काळाने पिचलेल्या ऋणकोंची कर्जे एका माणसाने स्वतःच्या हाताने संपवली, आणि तेही डोंगरावर एकट्याने बसून आल्यावर. गावात राहून, रोज त्या वह्या उघडत राहून हा निर्णय झाला असता का? मला शंका आहे. पुढेही ते भंडारा डोंगरावर जात राहिले. ज्यांच्या पालख्यांत लाखो लोक चालतात त्या संताला एकांत लागत होता, आणि आपण एकांताला समाजद्रोह म्हणतो.

एकांतवासी म्हणून मान मात्र पुरुषांनाच सहज मिळतो. पुरुष डोंगरावर गेला की तपस्वी होतो, बाई गेली की तिच्या डोक्यावर परिणाम झालेला असतो. लंडनमध्ये वाढलेल्या तेन्झिन पाल्मो 1964 साली तिबेटी परंपरेत भिक्षुणी झाल्या. शंभर भिक्षूंमध्ये त्या एकट्या बाई होत्या, आणि बाई म्हणून त्यांना बरेचसे शिक्षण नाकारले गेले. 1976 मध्ये त्या लाहौलमधल्या तेरा हजार फुटांवरच्या एका गुहेत राहायला गेल्या आणि बारा वर्षे राहिल्या. दहा फूट लांब, सहा फूट रुंद जागा. एकदा बर्फाखाली गुहा गाडली गेली तेव्हा भांड्याच्या झाकणाने खणून त्या बाहेर आल्या. 1988 मध्ये व्हिसाची मुदत संपली म्हणून पोलिसांनी येऊन त्यांचा एकांत मोडला. त्यानंतर त्यांनी हिमाचल प्रदेशात भिक्षुणींसाठी मठ स्थापन केला. जे शिक्षण त्यांना मिळाले नव्हते ते तिथे मुलींना मिळते. आपल्याकडे नंदुरबारच्या डोंगराळ भागात एकट्या राहणाऱ्या बाईला डाकीण ठरवून तिचा छळ झाल्याच्या घटना घडत आल्या आहेत, आणि अशा आरोपामागे पुष्कळदा तिच्या नावावरची जमीन असते. एकटी बाई समाजाला का सलते, याचे याहून उघडे उत्तर नाही.

आणि दुर्गाबाई. वॉल्डनचा मराठी अनुवाद दुर्गा भागवतांनी केला, ‘वॉल्डनकाठी विचारविहार’. ग्रंथालयातल्या टेबलाशी आणि झाडाफुलांच्या संगतीत रमणाऱ्या, कळपात न जाणाऱ्या या बाईंना 1975 मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले तेव्हा आणीबाणी होती. व्यासपीठावर सत्तेतली माणसे होती. सभासंमेलनांत मुरलेले, रोज दहा जणांत उठबस असलेले कितीतरी लेखक त्या वेळी गप्प राहिले. दुर्गाबाईंनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी सगळ्या सभेला प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. थोरो वाचून त्या असे वागल्या, असे मी म्हणणार नाही, त्यांचा कणा त्यांचा स्वतःचाच होता. पण ज्या पुस्तकाला पळपुट्याचे पुस्तक म्हणतात त्याच्याशी इतक्या निष्ठेने बसलेली बाई वेळ आल्यावर जागेवरून हलली नाही, हे विसरता येत नाही.

इथवर मी जे दाखले दिले ते सगळे उपयोगाचे आहेत. निबंध, कर्जमुक्ती, मठ, प्रतिकार. असे आणखीही देता येतील. थोरोने 1850 च्या दशकात काँकर्डमधल्या फुलांच्या बहराच्या तारखा टिपून ठेवल्या. रिचर्ड प्रायमॅक आणि अब्राहम मिलर-रशिंग यांनी त्या आजच्या तारखांशी ताडून पाहिल्या, तेव्हा तिथल्या वनस्पती आठवड्याहून अधिक लवकर फुलतात असे दिसले. कोलोराडोत गॉथिक नावाची चांदीच्या खाणींची ओसाड वस्ती आहे. बिली बार हा माणूस 1972 पासून तिथे एकटा राहतो आणि जवळपास तेव्हापासून रोजचा बर्फ मोजून वहीत लिहितो. हवामानाचा अभ्यास करणारे आज त्याच्या वह्या वापरतात.

पण बिली बारने बर्फ मोजला तो शास्त्रज्ञांसाठी नव्हे. वेळ जात नव्हता आणि त्याला मोजावेसे वाटले. त्या वह्या कोणाच्या कधीच कामी आल्या नसत्या तरी त्याला तिथे राहण्याचा तेवढाच हक्क होता. आपण एकांतवासीयांचा बचाव त्यांच्या उपयोगावर उभा केला तर ज्याने काहीच लिहिले नाही, काहीच मोजले नाही, जो फक्त शांतपणे जगला आणि गेला, त्याला आपण आरोपीच्या पिंजऱ्यातच ठेवतो. तो पिंजराच मला मान्य नाही. कोणाला न लुबाडता, अवलंबून असलेल्या कोणाला न सोडता जो माणूस वेगळा राहतो, तो समाजाचे काही देणे लागत नाही. कोणाचे काही हिरावले नाही, शेजाऱ्याच्या बांधाला हात लावला नाही, एवढ्यावर त्याचा हिशेब पूर्ण होतो. आज त्याच्याकडे जास्तीचा हिशेब मागण्याचा अधिकार समाजाला दिला, तर उद्या तोच अधिकार कोण कोणाशी लग्न करतो, कोण देवळात जात नाही, कोण मूल होऊ देत नाही इथपर्यंत येतो. आपल्या गल्लीत तो आलेलाच आहे.

थोरो किंवा तेन्झिन पाल्मो आपल्यापैकी फार थोड्यांच्या घरात जन्मतील. पण साठी-सत्तरीची एखादी आई, मावशी, आत्या कधीतरी म्हणेल की मला आता मुंबईच्या फ्लॅटमध्ये नाही राहायचे, गावच्या घरी एकटीने राहायचे आहे. हे शब्द तोंडावर आणायला तिला कित्येक वर्षे लागलेली असतात. तेव्हा लोक काय म्हणतील, आमचे काय चुकले, तुला आम्ही नकोसे झालो का, हे प्रश्न तिच्या अंगावर टाकू नका. विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत असते, औषधे किती दिवसांची न्यायची, जवळचा डॉक्टर कुठे बसतो आणि फोनला रेंज कुठे मिळते, एवढे विचारा आणि तिला एसटीत बसवून द्या.